रत्नागिरीहून जर्मनीला शाश्वत शेतीच्या परिषदेला आणि दोन व्यापारी भेटींना जायचंय, तयारी कशी करू?

आधी व्हिसा. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटचे 15 दिवस उरेपर्यंत थांबू नका. आयोजकांचं निमंत्रणपत्र आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईसारख्या शहरातलं व्हिसा केंद्र गाठावं लागतं. पावसाळ्यात कोकण रेल्वे हळू धावते, म्हणून आदल्या दिवशीच निघा.

भेटी परिषदेला जोडूनच ठेवा. एवढ्या लांबच्या विमानाचा धूर एकाच खेपेत सार्थकी लागावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक, हापूसची पेटी सामानात भरू नका! ताजा आंबा युरोपात न्यायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. 2014 साली फळमाशीमुळे युरोपने आपला आंबाच बंद केला होता, ते विसरू नका. मी आमसुलं नेते, घरची, उन्हात वाळवलेली, नीट पॅक करून वर नाव लिहिलेली. गेल्या खेपेला एका खरेदीदाराने आमसूल गरम पाण्यात टाकलं आणि लाल रंग उतरताना बघतच राहिला. साखर, रंग काही नाही म्हटल्यावर त्याने वही काढली. माहितीपत्रक तसंच पडून होतं.