'संश्लेषण वायू' की 'संश्लेषित वायू'?

कोळशापासून डिझेल करण्यावरच्या लेखात 'संश्लेषण वायू' (इंग्रजीत सिंथेसिस गॅस, थोडक्यात सिनगॅस) असं वाचलं, पण हा वायू तर कारखान्यात तयार केलेला असतो, मग 'संश्लेषित वायू' नको का, असा प्रश्न आलाय. माझ्या मते नको, 'संश्लेषण'च बरोबर. हा चतुर्थी तत्पुरुष आहे बघा, क्रीडांगण म्हणजे क्रीडेसाठी अंगण, तसा संश्लेषणासाठी, म्हणजे साधे रेणू जोडून नवा पदार्थ करण्यासाठी, वायू. तो कसा आला यावरून हे नाव पडलेलं नाही, पुढे त्याचं काय करायचं यावरून पडलंय.

याला पुरावा कारखान्यातच सापडतो. डिझेल करायच्या प्लांटमधे सिनगॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, पण अलिबागजवळ थळला खताच्या कारखान्यात अमोनिया करतात ना, तसल्या प्लांटमधे सिनगॅस म्हणजे १ भाग नायट्रोजन आणि ३ भाग हायड्रोजन. आतला माल वेगळा, नाव तेच, कारण दोन्हीकडे काम जोडणीचं.

शिवाय 'संश्लेषित' म्हटलं की घोटाळा होतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन गरम निकेलवरून नेले की मिथेन मिळतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ साबात्येनं १९०२ मधेच दाखवलं होतं, आणि असा केलेला मिथेन हा खरा संश्लेषित नैसर्गिक वायू. म्हणजे कच्चा माल आणि पक्का माल दोघांना एकच नाव पडणार!

मला तर 'संश्लेषण' हा शब्दच फार आवडतो. धातू श्लिष्, म्हणजे चिकटणं, बिलगणं, त्यातूनच श्लेष, आश्लेष, विश्लेषण. आणि फिशर आणि ट्रॉप्श या रसायनशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात जर्मनीत म्युलहाइमला जी प्रक्रिया बसवली तिच्यात अक्षरशः हेच होतं, लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड चिकटतो, त्याचा ऑक्सिजन सुटतो, उरलेला कार्बन हायड्रोजन घेतो आणि शेजारच्या साखळीला जाऊन जोडला जातो, असं एकेक करत साखळी पेट्रोल, डिझेल, अगदी मेणापर्यंत वाढते. दक्षिण आफ्रिकेत सासोलबर्गला १९५५ पासून लोखंडाच्या उत्प्रेरकावर हे मोठ्या प्रमाणात सुरू झालं. गंधक मात्र त्या धातूला असं चिकटतं की सुटतच नाही, म्हणून वायू आधी नीट साफ करून घ्यावा लागतो.

एक मात्र खरं, तुमची शंका आली ती शब्द तोडून लिहिल्यामुळे. मराठीत सामासिक शब्द जोडून लिहायचा असतो, तेव्हा 'संश्लेषणवायू' लिहा, आणि लेखात एकदा तो देऊन पुढे सरळ 'सिनगॅस' म्हटलंत तरी चालेल, प्लांटमधली माणसं तेच म्हणतात.