तुमचे प्रश्न : सार्वमत हरलं, मग स्कॉटलंडला मिळालं काय?

मागच्या अंकात स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतावर (ब्रिटनमधून वेगळं व्हायचं का, असं लोकांना विचारलं होतं) दोनच परिच्छेद लिहिले होते, पण त्यावर एवढे मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, आणि त्यातले बरेचसे सोलापुरातूनच. सीमेवरच्या माणसाला हा विषय लगेच कळतो. महाजन आयोगाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग कर्नाटकला द्यायची शिफारस केली होती, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. सगळे प्रश्न घेता येणार नाहीत, चार घेतो.

सर, वेगळं व्हायचं मतदान हरले तरी स्कॉटलंडला जादा अधिकार मिळाले असं तुम्ही लिहिलंय. हरलेल्याला कोण कशाला काय देईल? — होटगी रोडवरून एक कॉलेजचा विद्यार्थी

घाबरले म्हणून दिलं बघा. १८ सप्टेंबर २०१४ ला मतदान होतं आणि शेवटच्या दोन आठवड्यांत सर्व्हे एकदम काटाकाटीचे यायला लागले. मग मतदानाच्या दोन दिवस आधी तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन, मिलिबँड आणि क्लेग अशा तीन पक्षांच्या तीन नेत्यांनी डेली रेकॉर्ड पेपरच्या पहिल्या पानावर सही करून वचन दिलं, की तुम्ही ‘नाही’ म्हणा, तुमच्या पार्लमेंटला आणखी अधिकार देतो. निकालात ५५.३ टक्के ‘नाही’ आणि ४४.७ टक्के ‘हो’, म्हणजे २० लाखांच्या समोर १६ लाख. याला सपाटून हरणं कसं म्हणायचं? मतदान तर ८४.६ टक्के झालं होतं.

मग लॉर्ड स्मिथ यांच्या आयोगाने नोव्हेंबरात रिपोर्ट दिला आणि त्यावरून २०१६ चा स्कॉटलंड कायदा झाला. इन्कम टॅक्सचे दर आणि स्लॅब ठरवायचा हक्क, काही सरकारी भत्ते, स्वतःच्या निवडणुकीचे नियम, असं बरंच एडिनबराला, म्हणजे स्कॉटलंडच्या राजधानीला गेलं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आपल्या राज्यांकडे राज्यसूची आहे, ती राज्यघटनेत लिहिलेली आहे. तिकडे हे सगळं लंडनच्या पार्लमेंटने साध्या कायद्याने दिलेलं. २०१६ च्या कायद्यात स्कॉटिश पार्लमेंट कायमचं आहे असं लिहिलं खरं, तरी शेवटचा शब्द वेस्टमिन्स्टरचाच, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटचाच.

स्कॉटलंडची शाळा-दवाखाने ते स्वतः बघतात, मग त्यांचे खासदार लंडनला बसून इंग्लंडच्या शाळा-दवाखान्यांवर मत कसं काय देतात? हा अन्याय नाही का? — पूर्व भागातून एक निवृत्त शिक्षक

गुरुजी, प्रश्न नेमका पकडलात. वेस्ट लोथियनचे खासदार टॅम डॅलियल यांनी १९७७ मध्ये हेच विचारलं होतं आणि ते स्वतः स्कॉटिश होते. त्यांच्या मतदारसंघाच्या नावावरून याला ‘वेस्ट लोथियन प्रश्न’ म्हणतात.

आपल्याकडचं चित्र डोळ्यासमोर आणा. समजा कर्नाटकचे आमदार मुंबईच्या विधानभवनात येऊन नवी पेठेतली दुकानं किती वाजता बंद करायची यावर मत देतायत, आणि आपल्या आमदारांना विजापूरच्या बाजारावर बोलायची सोय नाही. चालेल का आपल्याला? ब्रिटनमध्ये हुबेहूब असं झालंय. मार्च २०१६ मध्ये इंग्लंड-वेल्समधली मोठी दुकानं रविवारी जास्त वेळ उघडी ठेवू द्यायची असं बिल होतं, ते सरकार ३१७ विरुद्ध २८६ ने हरलं, आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीची (वेगळं व्हायचं म्हणणारा पक्ष) मतं त्यात विरोधात पडली होती. स्कॉटलंडमध्ये रविवारच्या वेळेचं असलं बंधनच नव्हतं. त्याच्याही आधी जानेवारी २००४ मध्ये इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीची फी वाढवायचं बिल फक्त ५ मतांनी पास झालं, स्कॉटिश खासदारांची मतं काढली असती तर पडलं असतं. फी भरायची इंग्लंडच्या पोरांनी आणि हात वर केले स्कॉटलंडच्या खासदारांनी. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. इंग्लंडच्या दवाखान्यांवर किती खर्च होतो यावरून बार्नेट फॉर्म्युल्याने स्कॉटलंडच्या वाट्याचा पैसा वाढतो-घटतो, त्यामुळे ‘हा कायदा निव्वळ इंग्लंडचा’ असं ठणकावून सांगणं अवघड. रविवारच्या बिलातही स्कॉटिश पक्षाचं म्हणणं होतं की मोठ्या कंपन्यांचा पगार देशभर एकत्र ठरतो, मग आमच्या कामगारांना रविवारचा जादा पगार मिळतो तो जाईल. यातही तथ्य आहे.

कॅमेरॉननी काय केलं, तर निकालाच्या दिवशी सकाळीच, म्हणजे १९ सप्टेंबरला, जाहीर केलं की इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडच्या खासदारांचं मत चालायला पाहिजे. आदल्या आठवड्यात ‘राहा आमच्यासोबत’ म्हणून विनवणी, आणि मतं मोजून झाली न झाली तोवर हे. स्कॉटलंडमध्ये ‘नाही’ म्हणणाऱ्यांनाही ते लागलं आणि लागणारच. पुढच्या वर्षी, मे २०१५ ला, ५९ पैकी ५६ जागा स्कॉटिश नॅशनल पार्टीला गेल्या, त्याला ही सकाळसुद्धा कारण आहे असं माझं मत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तो नियम आलाही. स्पीकरने एखादं बिल फक्त इंग्लंडचं ठरवलं तर इंग्लंडच्या खासदारांना ते अडवता यायचं, पण स्वतःच्या जोरावर पास मात्र करता यायचं नाही, म्हणूनच रविवारच्या बिलाला त्याचा उपयोग झाला नाही. एवढा गुंता करून जुलै २०२१ मध्ये तो नियम रद्दच करून टाकला.

इंग्लंडला वेगळं पार्लमेंट द्या म्हणाल तर देशाची ८० टक्क्यांच्या वर माणसं एकट्या इंग्लंडमध्ये, मग बाकीच्यांना विचारणार कोण. इंग्लंडचे तुकडे पाडून छोट्या विधानसभा द्यायचं २००४ मध्ये ईशान्य इंग्लंडला विचारून बघितलं, तर ७८ टक्के लोकांनी नको म्हणून सांगितलं. आपल्याकडे हा प्रश्न फारसा येत नाही कारण विधानसभा सगळ्याच राज्यांना आहे. फक्त ३७० कलम होतं तेव्हा काश्मीरचे खासदार लोकसभेत ज्या कायद्यांवर मत द्यायचे ते सगळे काश्मीरला आपोआप लागू व्हायचे नाहीत. तेवढंच साम्य.

एकदा निकाल लागला की विषय संपायला नको का? परत परत मतदान कशाला? — नवी पेठेतून एक व्यापारी

कुठे संपतो, कुठे नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात यायचं का असं विचारलं होतं, ३४ हजारांच्या फरकाने गोवेकर नको म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला, १९८७ ला त्यांना स्वतःचं राज्य मिळालं. कॅनडात क्युबेक प्रांताने वेगळं व्हायचं का असं १९८० ला विचारलं, १९९५ ला परत विचारलं, दुसऱ्यांदा जेमतेम एका टक्क्याने फुटायचं राहिलं. स्कॉटलंडमध्ये २०१६ ला ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचं मतदान आलं, ६२ टक्के स्कॉटिश मतं युरोपात राहायच्या बाजूने असून बाहेर पडावं लागलं, मग मागणी परत उठली. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय स्कॉटिश पार्लमेंटला सार्वमत घेता येणार नाही.

माझा भाचा ग्लासगोला एमएस्सी करतोय. तो म्हणतो मावशी मला इथे मतदान करता येतं. पासपोर्ट तर भारताचा आहे, पोरगं कुठे अडचणीत तर येणार नाही ना? — जुळे सोलापूरहून एक ताई

ताई, भाचा बरोबर सांगतोय, काही अडचण नाही. कॉमनवेल्थ (बहुतेक पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांचा गट, भारतही त्यात आहे) देशाचा नागरिक कायदेशीर व्हिसावर तिथे राहत असेल तर त्याला ब्रिटनच्या सगळ्या निवडणुकांत मत आहे, स्कॉटिश पार्लमेंटपासून थेट वेस्टमिन्स्टरपर्यंत. २०१४ च्या सार्वमतातही तिथे राहणाऱ्या भारतीयांना मत होतं. आणि स्कॉटलंडमध्ये जन्मून लंडनला नोकरीला गेलेल्या स्कॉटिश माणसाला नव्हतं! तेव्हा यावरून खूप भांडणं झाली. मला विचाराल तर नियम योग्यच होता, ज्याला त्या कायद्याखाली रोज जगायचंय, टॅक्स भरायचाय, पोरं शाळेत घालायचीत, त्याला मत पाहिजे, मग तो जन्मला कुठे का असेना. १६-१७ वर्षांच्या पोरांनाही तेव्हा मत दिलं होतं आणि पुढे स्कॉटलंडने आपल्या निवडणुकांसाठी ते कायम केलं.

ब्रेक्झिटच्या वेळी उलट झालं. एडिनबरात वीस वर्षं राहिलेल्या पोलंडच्या माणसाला युरोपियन युनियनचा नागरिक म्हणून २०१४ ला मत होतं, २०१६ ला नव्हतं, आणि सोलापूरहून गेलेल्या पोराला दोन्ही वेळा होतं. हे साम्राज्याच्या काळापासून चालत आलंय, तेव्हा आपण सगळे ब्रिटिश प्रजा होतो ना. हे लिहिताना मला आपले चार हुतात्मे आठवतात. १९३० मध्ये याच सोलापुरात मार्शल लॉ लावला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिलं. ज्या पार्लमेंटच्या राज्यात हे झालं, त्यात सोलापूरच्या माणसाचं एक मत नव्हतं. आज तुमच्या भाच्याला आहे, ते त्याने वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

त्याला सांगा, नाव ऑनलाइन नोंदवता येतं, फी नाही. वेस्टमिन्स्टरच्या मतदानाला जाताना फोटो ओळखपत्र लागतं, त्याला भारतीय पासपोर्ट चालतो. स्कॉटिश पार्लमेंटच्या मतदानाला तेही लागत नाही. आणि सोलापूरच्या यादीतलं मत द्यायचं असेल तर मात्र तिकीट काढून इथेच यावं लागेल, ग्लासगोत बसून ते देता येत नाही.