संसारी माणसं फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघात राहून सामूहिक प्रार्थना कशी करतात? मठात राहावं लागतं का?

नाही. घर, नोकरी, मुलंबाळं सगळं तसंच राहतं. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मार्गाने जगू पाहणाऱ्या सामान्य कॅथलिकांच्या या संघाचे सदस्य संन्यासव्रतं घेत नाहीत, शुभवर्तमानाप्रमाणे, म्हणजे येशूच्या शिकवणीप्रमाणे, जगण्याचं आजन्म वचन देतात. संघाचा सध्याचा जीवननियम पोप सहावे पॉल यांनी 1978 मध्ये मंजूर केला. प्रार्थनेच्या केंद्रस्थानी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना), आणि जोडीला चर्चची नित्यप्रार्थना: सकाळ-संध्याकाळ स्तोत्रं, बायबलवाचन, इतरांसाठी केलेल्या विनंत्या. ती बहुतेक दिवस एकट्यानेच म्हटली जाते, कधी बसमध्येसुद्धा! पण शब्द जगभर तेच, म्हणून ती सामूहिकच. स्थानिक बंधुसंघ साधारण महिन्यातून एकदा जमतो. तिथे दोन गट स्तोत्राची कडवी आलटूनपालटून म्हणतात. नवख्याचा सूर हमखास पुढे पळतो. इतरांच्या श्वासाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.