चारही चाकांना जोर : पिकअपवाल्यांची प्रश्नोत्तरे

पाऊस लागला की पिकअपवाल्यांच्या शंका येऊ लागतात, आणि बहुतेकांच्या मुळाशी गोंधळ एकच असतो. ऑल-व्हील ड्राइव्ह आणि फोर-व्हील ड्राइव्ह (फोर बाय फोर) म्हणजे एकच, असं धरून माणसं गाडी घेतात आणि तशीच चालवतात. यंदा आलेल्या प्रश्नांना एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न (पणजी) : पिकअप घ्यायची आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह चांगली की फोर बाय फोर? फरक तरी काय?

इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारे दोन दांडे, म्हणजे पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट, यांच्या मधे काय बसवलं आहे, मूळ फरक तिथे आहे. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये मधे डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) तरी असतो, नाहीतर क्लचच्या चकत्यांचा संच. त्यामुळे दोन्ही शाफ्ट थोड्या वेगळ्या वेगाने फिरू शकतात. ताकद पुढे किती, मागे किती हे गाडी स्वतः ठरवते, ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. ग्रँड विटारा आणि हायरायडरमधली सोय या जातीची. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, मात्र अशा गाड्यांत सहसा नसतो.

आपल्याकडच्या पिकअपमध्ये, म्हणजे इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्समध्ये, पार्ट-टाइम फोर बाय फोर असतो. रोज फक्त मागची चाकं काम करतात, हे टू-हाय. नॉब फोर-हायवर फिरवला की ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, पुढचा शाफ्ट मागच्याला पक्का जोडते. वर फोर-लो मिळतो, जो भरल्या गाडीला चिखलाच्या चढावर कामाला येतो. होंडा रिजलाइन, फोर्ड मॅव्हरिक यांसारख्या ऑल-व्हील पिकअप आपल्याकडे विकल्याच जात नाहीत. तेव्हा पिकअपच हवी असेल तर तुमचा प्रश्न शोरूमनेच सोडवलेला आहे. पणजी, म्हापसा, मडगाव एवढंच फिरणं असेल तर टू-व्हील ड्राइव्ह आणि चांगले टायर पुरेत.

प्रश्न (मांद्रे) : आमच्याकडे होमस्टे आहे. पाहुण्यांना पिकअपने वाळूवर फिरवलं तर चालेल का?

नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे.

प्रश्न (वाळपई) : बेळगावला जाताना चोर्ला घाटात पावसात मी केरीपासूनच फोर-हाय लावतो. वळणावर स्टिअरिंग जड होतं, गाडी धक्के देते, मागून खट्ट असा आवाज येतो. विक्रेता म्हणाला होता, पावसात फोर बाय फोर म्हणजे सुरक्षितता. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, नवी गाडी आहे, सुटेल हळूहळू. काय करू?

आधी फोर-हाय काढा. बाकीचं नंतर वाचा.

वळणावर चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची आतून. डाव्या-उजव्या चाकांमधला फरक पुढचा आणि मागचा डिफरन्शियल सांभाळतो. पण पुढच्या आणि मागच्या शाफ्टमधला फरक सांभाळायला पार्ट-टाइम गाडीत काहीच नाही. फोर-हाय लावल्यावर दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. चिखलात, सुट्या मातीत चाक जरासं घसरतं आणि हिशेब मिटतो. डांबरावर चाक घसरत नाही. मग तो पीळ शाफ्टमध्ये साठत जातो, ओल्या कपड्याला दोन टोकांनी पिळावं तसा. तुम्हाला ऐकू येतो तो खट्ट म्हणजे साठलेला पीळ एकदम सुटतानाचा आवाज. गाडी ‘सुटत’ नाहीये, ती झिजतेय. ट्रान्सफर केसमधली साखळी, जॉइंटचे क्रॉस, पुढचा डिफरन्शियल आणि टायर, सगळ्यांना त्याचा मार बसतो.

‘पण रस्ता ओला असतो ना?’ हे मला दर पावसाळ्यात ऐकावं लागतं. ओलं डांबर म्हणजे चिखल नव्हे. ओल्या डांबरावरही टायरची पकड एवढी असते की पीळ सुटत नाही. उलट तीव्र वळणावर जोडलेली चाकं गाडीला सरळ ढकलू पाहतात, आणि चोर्ल्याच्या वळणांवर सरळ म्हणजे कुठे हे तुम्हाला सांगायला नको. राहिली सुरक्षितता. चारही चाकांना ताकद दिली म्हणून ब्रेक लवकर लागत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. घाटात उपयोगी पडतात ते खोल नक्षीचे टायर, कमी वेग आणि रिकाम्या हौद्यात थोडं वजन, कारण रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी असतात आणि पटकन घसरतात.

घाटात फोर-हाय कधी? दरड येऊन रस्त्यावर माती पसरली असेल तेव्हा. तेवढा तुकडा ओलांडा आणि परत टू-हायवर या. नॉब फिरवूनही फोर-हाय निघत नसेल तर जोर लावू नका. सुरक्षित जागी थोडं सरळ मागे घ्या, पीळ सुटला की निघतो.

हा गैरसमज मोबाइलवरच्या व्हिडिओंतून येतो, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या अनेक पिकअपमध्ये फोर-ऑटो असतं, म्हणजे ट्रान्सफर केसमध्येच क्लच. ते कोरड्या डांबरावरही चालतं. तिथला माणूस ते लावून हायवेने जातो आणि इथला विक्रेता तेच आपल्या गाडीबद्दल सांगतो. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडा, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि या आठवड्यातच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पुढच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं तेल काढून बघायला सांगा. समोर उभे राहा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर बारीक राखाडी लगदा असणं ठीक. बोटांत चोळल्यावर कण टोचले किंवा धातूची सालपटं दिसली तर पुढची तपासणी तिथेच करून घ्या. वॉरंटी आहे तोवर लेखी तक्रार द्या.

प्रश्न (फोंडा) : गाडी चालू असताना फोर-लो टाकता येतो का?

नाही. गाडी थांबवा, न्यूट्रल करा, मग टाका.

प्रश्न (सांगे) : कुळागरात जायला व्हाळ ओलांडावा लागतो. जुलैत एकदा पाणी दारापर्यंत आलं होतं. तेव्हापासून मागून बारीक घुईं असा आवाज येतो. चवथीची गडबड होती म्हणून दाखवली नाही. आता काय?

जुलै ते चवथ आणि चवथीनंतर हे पत्र! तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची नळी, तुंबलेला किंवा सील थकलेलं असेल तर आत पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ होतं, वंगण राहत नाही आणि बेअरिंग ओरडू लागतं. आता नुसतं तेल बदलून भागेल की बेअरिंगही बदलावं लागेल, हे उघडल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, मीही नाही. गाडी आजच न्या.

पुढच्या वेळेसाठी : हायलक्सला कंपनी ७०० मिलिमीटर पाण्याची मर्यादा देते, पण ती हळू चालवताना, शांत पाण्यात. पावसातला व्हाळ शांत नसतो. तळ आणि प्रवाह कळल्याशिवाय गाडी घालू नका, आणि लाल पाणी चढत असेल तर परत फिरा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका. तसं बिघडलेलं इंजिन साध्या विम्यात सहसा येत नाही; एजंटला आधीच विचारून ठेवा.

प्रश्न (डिचोली) : चिरेखाणीच्या वाटेवर दोन टायर फाटले. दोनच नवे घातले तर?

नव्या-जुन्यांच्या घेरात फरक असेल तर फोर-हाय लावल्यावर सरळ रस्त्यावरही पीळ पडतो. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये तर शाफ्टच्या मधला क्लच विनाकारण तापतो. चारही एकाच मापाचे आणि सारख्या झिजीचे ठेवा. किती फरक चालेल हे कंपनीकडे विचारा, टायरवाल्याकडे नको. त्याला दोन विकायचे आहेत.

प्रश्न (म्हापसा) : दुकानदार गाडी उंच करून देतो, मोठे टायर लावतो, ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणतो.

त्याने काय बघायचं? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, आणि दंड मालकाला होतो. आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

प्रश्न (पेडणे) : जुनी पिकअप बघितली. मागे ‘फोर बाय फोर’ लिहिलंय. खरं कसं ओळखायचं?

स्टिकर कोणीही चिकटवतं. आत फोर-हाय, फोर-लोचा नॉब किंवा दांडा आहे का बघा. गाडीखाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जागेवर आहे ना बघा; खर्च नको म्हणून तो काढून ठेवलेल्या गाड्याही बाजारात येतात. मग मातीच्या मैदानात फोर-हाय आणि फोर-लो दोन्ही लावून चालवा. मालक ‘बॅटरी उतरलीय, नंतर दाखवतो’ म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा आणि तुमचा स्वतःचा मेकॅनिक घेऊन परत जा.