सेक्शन एटचा भाडेकरू घेऊ का, असं विचारलंस म्हणून

प्रिय बाळ,

तू काल रात्री पाठवलेला जाहिरातीचा मसुदा वाचला. फोटो छान आलेत, स्वयंपाकघर तर अगदी उजेडाचं दिसतंय, पण सगळ्यात खाली जी ओळ टाकलीयस ना, 'नो सेक्शन एट, नो प्रोग्राम्स', ती आधी काढून टाक. आत्ताच काढ, मग पुढचं वाच.

तू विचारतेस की मावशी व्हाउचरवाला भाडेकरू घेऊ का नको, लोक फार घाबरवतायत. सेक्शन एट म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबाचं बरंचसं घरभाडं सरकार भरतं ती योजना, आणि त्या मदतीचा कागद म्हणजे व्हाउचर. अगं पण न्यू जर्सीत हा प्रश्न तुझ्या हातात राहिलेलाच नाहीये. भाड्याचे पैसे कायदेशीर मार्गाने येत असतील तर ते पगारातून येतात का सरकारकडून येतात यावरून कुणाला नाही म्हणता येत नाही, १९९९ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिला आणि २००२ ला ते भेदभावविरोधी कायद्यातच घातलं. घरमालक स्वतः टू-फॅमिलीच्या, म्हणजे दोन कुटुंबांसाठी बांधलेल्या घराच्या, एका भागात राहत असेल तर त्याला त्यात सूट आहे, पण तू राहतेस एडिसनला आणि घर आहे ट्रेंटनला, म्हणजे ती सूट तुला नाही. आणि ते 'उत्पन्न भाड्याच्या तिप्पट पाहिजे' असं जे लिहिलंयस ते पण नीट बघ, व्हाउचर असेल तर तिप्पट मोजायचं ते भाडेकरूच्या खिशातून जाणाऱ्या वाट्याचं, पूर्ण भाड्याचं नाही. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि मग तक्रार आली की वकिलाकडे धावतात.

कायदा आहे म्हणून कर, एवढंच सांगून मी थांबू शकले असते. पण मला तुला वेगळंच सांगायचंय.

लग्नानंतर पुण्यात आम्ही खोली शोधत होतो. एका वाड्यात बाईंनी पाणी दिलं, खोली दाखवली, भाडं पण ठरलं, मग आडनाव विचारलं आणि आडनाव ऐकल्यावर म्हणाल्या की यजमानांना विचारून कळवते. कळवलं नाही. दारावरची 'जागा भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे तीन आठवडे तशीच होती, आम्ही रोज बसमधून बघायचो. त्यानंतर कुठेही गेले की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, आधीच सांगून टाकायचे, आमचं आडनाव अमुक अमुक, चालेल ना? कित्येक वर्षांनी इथे माझ्या पहिल्या घरासाठी एका बाईचा फोन आला, दोन मुलं बरोबर, आणि नाव सांगायच्या आधी ती म्हणाली माझ्याकडे व्हाउचर आहे, तुम्हाला चालेल का? भाषा वेगळी होती पण तो आवाज मला लगेच ओळखू आला गं. म्हणून सांगते, ती ओळ काढ.

आता पैशाचं गणित, कारण तुझी खरी भीती तिथेच आहे.

सेक्शन एट १९७४ च्या कायद्याने आलं. आता जे व्हाउचर म्हणतात त्यात पैसा वॉशिंग्टनच्या हड, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा असतो आणि कारभार गावोगावच्या हाउसिंग अथॉरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी गृहसंस्थेचा. कुटुंबाने आपल्या हिशेबात धरलेल्या उत्पन्नाचा साधारण ३० टक्के वाटा द्यायचा, बाकीचं अथॉरिटी थेट तुझ्या खात्यात टाकते. समज तुझं भाडं २००० डॉलर आहे, लाइट आणि गॅस भाडेकरू भरणार आणि अथॉरिटीने त्याचे २०० धरले, म्हणजे एकूण २२००, आणि तेवढ्या घराला अथॉरिटी जास्तीत जास्त जेवढं धरते ती मर्यादा पण २२०० आहे असं धर. भाडेकरू बाईंचं महिन्याचं धरलेलं उत्पन्न १८०० असेल तर त्याचे ३० टक्के ५४०. अथॉरिटी देणार १६६०, आणि तुला त्यांच्याकडून घ्यायचे फक्त ३४०. उद्या त्यांची नोकरी गेली तर त्यांचा वाटा कमी होतो आणि अथॉरिटीचा वाढतो, तुझे २००० तसेच राहतात. २०२० मध्ये माझ्या बाकीच्या दोन भाडेकरूंचं काम बंद पडलं, मी पण रात्र रात्र जागी असायचे, तेव्हा व्हाउचरचे पैसे मात्र दर महिन्याच्या सुरुवातीला खात्यात होते.

पण भाडं तू म्हणशील ते नाही मिळत. आजूबाजूच्या तशाच घरांचं भाडं किती आहे ते अथॉरिटी बघते आणि तुझा आकडा त्यात बसला तरच मंजूर करते. म्हणून आधीच तुझ्या गल्लीतली तीन-चार घरं काढून ठेव, किती खोल्या, काय भाडं, हीटिंग कोण भरतं, आणि कागदाबरोबर जोड. पुढे भाडं वाढवायचं असेल तर पहिली लीज संपेपर्यंत थांब, आणि निदान ६० दिवस आधी अथॉरिटीला लेखी कळव, ते परत तेच तपासतात.

आता माझी चूक सांगते, ती तू करू नकोस. त्या पहिल्या बाई मोटेलमध्ये राहत होत्या, मुलांची शाळा सुरू होणार होती, माझा जीव कळवळला आणि मी किल्ली देऊन टाकली, म्हटलं इन्स्पेक्शन काय पुढच्या आठवड्यात होईलच. ते झालं नाही, झालं तेव्हा नापास झालं, जिन्याचा कठडा हलत होता आणि एका खोलीची खिडकी रंगाने चिकटून बसलेली, उघडतच नव्हती. परत तारीख मिळून पास व्हायला दीड महिना गेला आणि त्या दीड महिन्याचा अथॉरिटीचा वाटा मला कधीच मिळाला नाही, आणि तो बाईंकडून मागता पण येत नाही. चूक पूर्ण माझी. क्रम असा असतो की भाडेकरू तुला एक मंजुरीचा फॉर्म आणून देते, तो तुम्ही दोघी भरून अथॉरिटीला देता, मग भाडं तपासतात, मग इन्स्पेक्शन, ते पास झालं की लीज सुरू, आणि अथॉरिटीबरोबर तुझा वेगळा करार. किल्ली पास झाल्यानंतर. कितीही वाईट वाटलं तरी. त्या बाईंना घाई असते हे खरं, व्हाउचर हातात आलं की घर शोधायला सुरुवातीला कमीत कमी ६० दिवस मिळतात, वाढवून मिळतात पण खात्री नसते, आणि ते व्हाउचर मिळायला त्यांनी कित्येक वर्षं यादीत काढलेली असतात. म्हणून तुझ्याकडून फॉर्म भरायला उशीर करू नकोस, त्याच दिवशी सही करून दे. तुला दया दाखवायचीच असेल तर ती अशी दाखव.

इन्स्पेक्शनला लोक उगाच शत्रू समजतात. मला विचारशील तर त्या इन्स्पेक्टरने माझी घरं वाचवली आहेत. ते बघतात काय तर स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म, सिंकजवळचे प्लग पॉइंट धक्का न बसणारे आहेत का, गरम पाणी येतं का, बॉयलर चालतो का, खालच्या मजल्याच्या खिडक्यांना कडी आहे का, उंदीर-झुरळं, छतातून गळती. यातलं एक तरी असं आहे का जे तू स्वतःच्या आईच्या घरात चालवून घेशील? तुझं घर १९२० च्या आसपासचं आहे ना, तर रंगाकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. १९७८ च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो, तो सोलला की लहान मुलं तुकडे तोंडात घालतात आणि त्याने मेंदूवर परिणाम होतो, तो भरून येत नाही. सहा वर्षांखालचं मूल असेल तर अथॉरिटी सोललेला रंग चालवूनच घेत नाही, आणि न्यू जर्सीत आता जुन्या भाड्याच्या घरांना लेड, म्हणजे शिशाची तपासणी तशीही लागते. खिडक्यांच्या चौकटी स्वस्तात खरवडून घेऊ नकोस, सर्टिफाइड माणूस बोलाव. जिवाला धोका असलेली गोष्ट २४ तासांत दुरुस्त करायची असते, बाकीचं साधारण ३० दिवसांत, नाही केलं तर पैसे थांबतात. आणि हे एकदाच नाही, साधारण दर दोन वर्षांनी किंवा भाडेकरूने तक्रार केली की परत.

तुला लोकांनी सांगितलंय की हे लोक घराची वाट लावतात. बघ, वाट लावलेलं घर मी पण पाहिलंय, तो भाडेकरू चांगल्या पगाराचा होता, व्हाउचर नव्हतं. अथॉरिटी उत्पन्न तपासते, पण माणूस भाडेकरू म्हणून कसा आहे हे तपासणं त्यांचं काम नाही, ते तुझं आहे, आणि बहुतेक रडणारे घरमालक हेच करत नाहीत, त्यांना वाटतं सरकारने पाठवलंय म्हणजे बघून पाठवलंय. आधीच्या घराचा पत्ता आणि घरमालकाचं नाव अथॉरिटीकडे असेल तर तुला मिळतं, ते माग. आताच्या मालकाला फोन करू नकोस फक्त, त्याला कदाचित सुटकाच हवी असते, त्याच्या आधीच्याला कर. विचार की स्वतःचा वाटा वेळेवर द्यायच्या का, शेजाऱ्यांशी कसं होतं, घर सोडलं तेव्हा कसं होतं. सगळ्यांना तेच प्रश्न, व्हाउचर असो नसो, आणि उत्तरं वहीत लिहून ठेव. गुन्ह्याची चौकशी मात्र पहिल्या भेटीत करायची नाही, २०२२ पासून इथे कायदा आहे, आधी अटींवर घर देऊ केल्यावरच, आणि ते सुद्धा मर्यादेत. डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त नाही, ते वेगळ्या व्याजाच्या खात्यात, आणि ते भाडेकरूच देते. घर खराब झालं तर अथॉरिटी भरून देत नाही, म्हणून किल्ली द्यायच्या दिवशी दोघींनी मिळून प्रत्येक खोलीचे फोटो काढा.

आणखी एक, आणि यात माझं मन फार कठोर आहे. मंजूर भाड्याच्या वर एक डॉलर घ्यायचा नाही. पार्किंगचे म्हणून, बेसमेंटचे म्हणून, 'आपल्या दोघींत' म्हणून, काहीही म्हणून नाही. आपल्याच ओळखीतले लोक तुला हे शिकवतील, हळूच सांगतील की सगळे घेतात. ते फसवणुकीत मोडतं, पैसे परत द्यावे लागतात, प्रोग्राममधून काढतात, आणि मुख्य म्हणजे तू ते अशा बाईकडून घेतेस जी नाही म्हणू शकत नाही. हे मला तुझ्याबद्दल कधीच ऐकायचं नाहीये.

व्हाउचरवाल्यांना एकदा ठेवलं की काढता येत नाही, असंही ऐकलंयस. अगं इथे तुझ्यासारख्या मालकाला कुठलाच भाडेकरू लीज संपली एवढ्या कारणाने काढता येत नाही, राज्याचा १९७४ चा वेगळा कायदा आहे, ठोस कारण लागतं, मग व्हाउचर असो नाहीतर डॉक्टर असो. स्वतःचा ३४० चा वाटा नाही दिला तर कोर्टात जाता येतं. अथॉरिटीने पैसे उशिरा दिले म्हणून मात्र बाईंना नोटीस देता येत नाही. आणि लक्षात ठेव, गंभीर कारणाने घर गेलं तर त्यांचं व्हाउचर पण जाऊ शकतं, मग परत यादीत, परत कित्येक वर्षं. एवढं गमावण्यासारखं असलेली बाई तुझ्याशी भांडण उकरून काढायला येत नाही.

धोका नाहीच असं नाही. हा पैसा दर वर्षी काँग्रेस, म्हणजे इथली संसद, मंजूर करते. २०१८ च्या डिसेंबरात खर्चाची मंजुरी अडकून सरकारी कामकाज ३५ दिवस बंद पडलं तेव्हा मला पैसे आले, पण मी धास्तावले होते. कोविडनंतर २०२१ मध्ये ७०,००० इमर्जन्सी व्हाउचर दिली होती, त्यांचा निधी ठरल्यापेक्षा लवकर संपत आला. म्हणून व्हाउचर कुठल्या प्रकारचं आहे ते आधीच विचार, आणि घराच्या कर्जाचा तीन महिन्यांचा हप्ता बाजूला ठेव. ते तुझ्याकडे नसेल तर आत्ता घर भाड्याने द्यायला पण घाई झाली असं मी म्हणेन.

तो तुझा चुलतभाऊ म्हणत होता की त्याच्या ओळखीच्या बाईंना व्हाउचर आहे, त्या चालतील, फक्त तुझी सख्खी बहीण, आई, आजी असं कुणी नको, ते सहसा मंजूर होत नाही. त्या बाईंना फोन कर. त्यांनी 'चालेल का' विचारलं तर हो म्हण, घर बघायला या म्हण, आणि बघायला आल्या की मुलांना कुठली खोली आवडली तेही विचार, कारण ते घर त्यांचं होणार आहे.

रविवारी दुपारी मी ट्रेंटनला येते. इन्स्पेक्टर यायच्या आधी आपण दोघी घरभर फिरू, मी टॉर्च आणि प्लग तपासायचं ते छोटं यंत्र आणते, तू शिडी आण आणि अलार्मच्या तारखा बघून ठेव. तळघरात उतरायचंय, जुने बूट घाल.

तुझी मावशी