चितळाची टाच आणि माझे चारशे फोटो

तुमचे प्रश्न मला कळले ते असे. मे महिन्यात पहिल्यांदा ताडोब्याला जाताय, जवळ ७०-३०० मिमीची लेन्स आहे आणि परत आल्यावर त्या फोटोंवरून जलरंगात चित्रं करायची आहेत. मोठी लेन्स भाड्याने घ्यावी का? सोबत दाखवलेलं चितळाचं चित्र कापून चिकटवल्यासारखं का दिसतं? आणि इंटरनेटवरच्या एका फोटोवरून केलेला बिबट्या प्रदर्शनात विकायला ठेवला तर चालेल का?

लेन्सचं आधी उरकतो. घेऊ नका. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यावर ३०० ची लेन्स साधारण ४५० सारखी वागते. भिंतभर प्रिंट काढायचा असता तर वेगळं बोललो असतो. चित्राला मिशा मोजता येतील असा फोटो लागत नाही. वाचलेल्या पैशांत बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलात, आणखी एक फेरी मारा.

आता चितळ. रंगाला तुमचा हात चांगला आहे, पाठीवरचा उन्हाचा पट्टा मला आवडला. गडबड खाली, पायात आहे. मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो तो तुम्ही गुडघा समजलात आणि उलटा वाटू नये म्हणून थोडा सरळ केलात. तो गुडघा नव्हेच, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, कातडीत जवळजवळ लपलेला असतो. चितळ आपल्यासारखं तळव्यावर चालत नाही, बोटांच्या टोकांवर चालतं, आणि खूर म्हणजे त्याची नखं. एकदा स्वतः चवड्यांवर उभे राहून टाच कुठे गेली ते बघा, लगेच उलगडेल.

पुढच्या पायांची गोष्ट वेगळी. गळ्याखाली हात लावला की आपल्याला खांद्यापर्यंत गेलेलं आडवं हाड लागतं. ते हरणांना नसतं, आणि वाघ-बिबट्यांत नावापुरतं उरलेलं असतं. खांद्याचं फावड्यासारखं हाड नुसत्या स्नायूंच्या झोळीत बरगड्यांच्या बाजूला टांगलेलं. म्हणून वाघ सावकाश चालत येतो तेव्हा दोन खांद्यांची टोकं आळीपाळीने पाठीच्या रेषेच्या वर येतात. हे ज्याला ठाऊक नाही तो वाघाची पाठ सतरंजी अंथरल्यासारखी सपाट काढतो. मीही बरीच वर्षं तशीच काढली.

ठिपके तुम्ही ब्रश झटकून उडवल्यासारखे टाकलेत. चितळाचे ठिपके साधारण ओळींनी असतात. कण्यालगतची आणि पोटाच्या वरची ओळ तर स्पष्ट दिसते. अंग वळतं तिथे ओळ वळते आणि ठिपका चपटा होतो. वाघाच्या पट्ट्यांचंही तेच. ओळी नीट पाहून काढल्यात तर निम्मी गोलाई सावली न देताच येईल.

चिकटवल्यासारखं दिसण्यात फोटोचाही वाटा आहे. लांबून, मोठ्या लेन्सने काढलेल्या फोटोत खोली चेपली जाते. जवळचा पाय आणि पलीकडचा पाय एकाच मापाचे, मागचा बांबू जणू अंगाला टेकलेला. शिवाय मागचं सगळं धूसर आणि जनावराची कड चहूबाजूंनी सारखीच धारदार. ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं तर कात्रीने कापल्यासारखं दिसणारच. कुठली कड ठेवायची आणि कुठली हरवायची हे फोटोला ठरवू देऊ नका. पाय गवतात विरू देत, उन्हातली पाठ मागच्या उजेडात मिसळू दे.

हे सगळं मी आपटून शिकलोय. माझी पहिली ताडोबा फेरी, मोहर्ली गेट, सकाळची वेळ. एक वाघीण पंधरा-वीस मिनिटं रस्त्याच्या कडेने चालली. आमच्या जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, कोणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं, फक्त शटरचा खडखडाट. ४०० च्या वर फोटो मारले. घरी येऊन चित्राला बसलो आणि लक्षात आलं की एकाही फोटोत पंजे नाहीत. सगळे गवतात. बहुतेक फोटो चेहऱ्याचे, कारण सगळ्यांसारखा मीही डोळ्यावर फोकस धरून बसलो होतो. चालताना तिचं शेपूट कसं होतं? पोट हेलकावत होतं का? मागचा पंजा पुढच्याच्या ठशावर पडत होता की बाजूला? काही म्हणता काही आठवेना. वीस मिनिटं वाघिणीसमोर होतो आणि पाहिलं काहीच नव्हतं.

तेव्हापासून क्रम उलटा केला. जायच्या आधी घरी आठवणीतून चित्र काढतो, चुकीचं तर चुकीचं. पेन्सिल जिथे अडते तिथे गोल करतो. मग जंगलात कॅमेरा त्या गोलांसाठी. उदाहरण गव्याचं. त्याच्या पाठीचा उंचवटा मी बैलाच्या वशिंडासारखा खांद्यावर काढायचो आणि तरी तो गवा दिसायचा नाही, रंगवलेला बैल दिसायचा. पुढच्या फेरीत गव्याचे फक्त बाजूने फोटो घेतले. तो उंचवटा खांद्यापासून निघून पाठीच्या मध्यापर्यंत येतो आणि तिथे पायरी उतरावी तसा एकदम खाली जातो. सहा-सात फोटो पुरले. त्या पायरीनंतर माझे गवे गवे दिसू लागले.

प्रश्न आधी आणि फोटो नंतर, ही रीत काही माझी नव्हे. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, याचं उत्तर छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने १२ कॅमेरे लावून दिलं. सुटतात, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. तोवर मोठमोठे चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले घोडे रंगवत होते, तेही ज्या काळी घोडा दारोदारी होता.

मेपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. तोवर शेळ्या काढा. हसू नका. चितळाच्या आणि शेळीच्या पायातले सांधे त्याच क्रमाने येतात, आणि शेळी दहा मिनिटं एका जागी चरते. बिबट्यासाठी भिंतीवरून उतरणारं मांजर बघा, खांदे तसेच वर येतात. एकच जपा: मांजराच्या डोळ्यातली बाहुली उन्हात उभी चीर होते, वाघ-बिबट्याची गोलच राहते. वाघाला चीर काढलीत की त्याचा बोका झालाच म्हणून समजा.

तुम्ही संभाजीनगरचे, म्हणजे सराव दाराशीच आहे. वेरूळला वानरं भरपूर आणि माणसाला सरावलेली. आपापसात उवा काढत बसली की चांगली चित्रं मिळतात. खायला मात्र काही देऊ नका, हातातली वहीसुद्धा ओढतील. प्राणिसंग्रहालयात गेलात तर ही युक्ती करून बघा. कोंडलेलं जनावर त्याच त्या वाटेने येरझाऱ्या घालतं, ती बघवत नाहीत हे खरंच. पण एका पानावर पाच-सहा चित्रं एकदम सुरू करा. वळताना एक, थांबताना एक, मान खाली असताना एक. तीच ढब परत आली की त्या चित्रावर परत जा. तासाभरात पानावर इतकं जमतं की घरी जाऊन फोटो चाळायची गरज पडत नाही. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं निसर्गविज्ञान दालन बघा. पेंढा भरलेल्या प्राण्यांकडून मापं घ्या, चेहरे घेऊ नका.

अजिंठ्याला शेकडो वेळा गेला असाल, तरी लेणे क्रमांक १ मध्ये खांबावर कोरलेली चार हरणं परत बघून या. धडं चार, डोकं एकच. ज्या धडाकडे पाहाल त्याचंच ते डोकं वाटतं. लोक ती गंमत म्हणून बघतात आणि पुढच्या चित्राकडे सरकतात. तुम्ही तिथे वही काढा आणि चारही माना कशा जोडल्यात तेवढंच उतरवा. एक जरी मान खोटी पडली असती तर सगळा खेळ फसला असता. ज्याने ते कोरलं त्याने हरणाची मान किती अंगांनी पाहिली असेल याचा विचार मी अधूनमधून करतो.

आता प्रत्यक्ष ताडोबा. मंगळवारी बंद असतं, त्या हिशेबाने तारखा धरा. गाभा क्षेत्रात मोबाइलला बंदी आहे, त्यामुळे जागेचे फोटो मोबाइलवर काढू असं मनात असेल तर ते विसरा. जिप्सीत कॅमेऱ्याची तिपाई उपयोगाची नाही. जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात तांदूळ भरा, दोन्ही तोंडं शिवा आणि ती पिशवी गाडीच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. चालत्या जनावराला १/५०० सेकंदाच्या आसपास आणि पळणाऱ्याला १/१००० किंवा त्याहून जलद शटर ठेवा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवावा लागला, दाणे आले, तर येऊ देत, तुम्हाला कुठे ते छापायचेत. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काटछाट न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्या. कॅमेरा सावली काळी करून टाकतो, डोळ्याला तिच्यात रंग दिसतात; रॉ असेल तर त्यातले थोडे परत मिळतात.

गाडीत उभे राहून फोटो काढू नका. वरून बघितलं की पाय आखूड आणि पाठ रुंद येते, आणि चित्रात जनावर ठेंगणं होतं. बसा, जमेल तितकं खाली या. चेहऱ्याचे दोन-चार फोटो झाले की मुद्दाम पंजे, कोपर, शेपटीचं मूळ, कानाची मागची बाजू घ्या. वाघाच्या कानामागे पांढरा ठिपका असतो, पाठमोऱ्या वाघात तो मोठा मोलाचा. आणि जनावर निघून गेल्यावर कॅमेरा खाली ठेवू नका. ते जिथे उभं होतं त्या रिकाम्या जागेचा फोटो घ्या. सागाचा पाचोळा, बांबूची बेटं, मातीचा रंग, ज्या झाडापाशी होतं त्याचा बुंधा. गाडीतले सगळे त्या वेळी मागचे फोटो बघण्यात गुंग असतात, पण चित्राची निम्मी सामग्री तीच आहे.

वही खिशात मावेल एवढी न्या, सोबत मऊ, गडद उमटणारी ६बी पेन्सिल. गाडी हलते, वेळ दहा सेकंद मिळतो, तेव्हा चित्राची अपेक्षा ठेवू नका. पाठीची एक रेघ, मानेची एक रेघ, आणि बाजूला शब्द. माझ्या वहीत एके ठिकाणी नुसतं लिहिलंय, ‘पोट पांढरं नाही, खालून तांबूस’. मे महिन्यात खालची तापलेली जमीन वाघाच्या पांढऱ्या पोटावर रंग टाकते, आणि फोटोत ते नेमकं करडं आलं होतं. त्या पाच शब्दांवर एक अख्खं चित्र उभं राहिलं. गव्याचा काळाही ट्यूबमधला काळा नको. बर्न्ट सिएना हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळा. उन्हाच्या बाजूला तपकिरी झुकू दे, सावलीत निळा.

मे महिन्यात पाणवठे धरा. ऊन जीव काढतं, पण जनावर पाण्यावर येतं आणि आलं की थांबतं. वाघ पुष्कळदा पाण्यात पाठमोरा शिरतो, आधी मागचं अंग बुडवतो. पाहिलंत तर शटरवरचं बोट दोन मिनिटं आवरा आणि नुसतं बघा.

चालकाला ‘जरा पुढे घ्या ना’ म्हणू नका. नियम आहेतच, पण तुमच्या कामाचंही सांगतो. गाडी अंगावर आलेलं जनावर कान मागे घेतं, शेपूट झटकतं आणि तुमच्याकडे रोखून बघतं. मग फोटोंत तो एकच वाघ येतो, दिनदर्शिकेवरचा. अंतर राखलंत तर ते आपल्या उद्योगाला लागतं. खाजवतं, जांभई देतं, माशा उडवतं. पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो काढू नका आणि आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, हे तुम्ही करणार नाहीच, तरी लिहून ठेवतो.

राहिला बिबट्या. फोटोवरून केलेलं चित्र हुबेहूब असेल, तीच ढब, तीच फांदी, तोच उजेड, तर तो मूळ फोटोचाच अवतार ठरतो आणि हक्क फोटो काढणाऱ्याचा असतो. सरावासाठी घरी काढा, कोणाची ना नाही. विकायचं असेल तर लेखी परवानगी हवी. ‘इंटरनेटवरून साभार’ लिहिल्याने ती मिळत नाही, आणि रंग बदलून उजवीकडचा बिबट्या डावीकडे वळवल्यानेही सुटका होत नाही. त्या छायाचित्रकाराला शोधून सरळ विचारा, चित्राचा फोटोही पाठवा. मी आजवर तिघांना विचारलं. दोघांनी आनंदाने हो म्हटलं, त्यातल्या एकाने ‘एक प्रिंट मला पाठवा’ एवढंच मागितलं. तिसऱ्याने नाही म्हटलं, ते चित्र माझ्या जिन्यात लावलंय. छायाचित्रकाराचं उत्तर येईपर्यंत प्रदर्शनाच्या यादीतून बिबट्या काढा आणि त्या जागी वेरूळचं एखादं वानर ठेवा.