तीन गट, एकच ओढा

वाचकांचे प्रश्न : माती आणि पाणी

प्रश्न : आमच्या ओढ्याच्या पाणलोटात तीन गट काम करतात. वरच्या उतारावर तरुणांचा गट झाडं लावतो, मधल्या पट्ट्यात महिलांचा गट बांधबंदिस्ती करतो आणि खाली शेतकऱ्यांच्या गटानं ओढ्यावर बंधारा घातला आहे. तिघांचा आपापसात संवाद नाही. बंधारा पहिल्याच पावसाळ्यात गाळानं भरला आणि दोष वरच्यांवर आला. तिघांची मिळून एकच संस्था काढावी का?
— शेतकरी गटाचा एक सभासद

उत्तर : संस्था एक करू नका, नकाशा एक करा. प्रत्येक गटाची आपली माणसं असतात, आपला हिशेब असतो, लोकांनी टाकलेला विश्वास असतो. विलीनीकरण म्हटलं की पहिलं वर्ष अध्यक्ष कोण आणि चिटणीस कोण यातच जातं. फलकावर कुणाचं नाव आधी, एवढ्यावरून चांगली कामं बंद पडलेली मी पाहिली आहेत. गट तीन राहू द्या. पाणलोट मात्र तिघांनी एकच धरला पाहिजे.

त्यासाठी एक दिवस तिन्ही गटांनी बरोबर चालायला जा. ओढा तुमच्या हद्दीतून बाहेर पडतो तिथून सुरुवात करा आणि माथ्याच्या कडेकडेनं फिरून परत त्याच जागी या. या कडेच्या आत पडलेलं पाणी तुमच्याकडे येतं, पलीकडे पडलेलं शेजारच्या ओढ्याला जातं. गुरं चारणाऱ्या दोघातिघांना सोबत घ्याच. कुठली घळ कधी फुटली, पावसाळ्यात पाणी कुठून उसळतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. फिरून आल्यावर जमिनीवर चुन्यानं नकाशा काढा. घळी, झरे, विहिरी, जुने बांध, चराईच्या वाटा, सगळं त्यात येऊ द्या. भांडायचं ते त्या नकाशाभोवती उभं राहून भांडा. मग तो कागदावर उतरवा आणि तिन्ही गटांकडे एकेक प्रत ठेवा.

आता गाळाचं. काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं, हा क्रम सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण त्यामागचं कारण फार थोडे जण सांगतात. उतारावरून धावणाऱ्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते. म्हणून पाणी वेग घेण्याआधी, वरच, थोडं थोडं अडवायचं. तुमचा बंधारा वाईट बांधला नसेल, तो फक्त आधी बांधला गेला. आणि तरुणांनी झाडं लावूनही माती का आली? कारण कोवळं रोप पहिली काही वर्षं माती धरत नाही. माती धरतं ते गवत. तरुणांना सांगा, आधी समतल चर खणा, चराच्या खालच्या अंगाला मातीचा उंचवटा करा, त्यावर गवताचं बी टाका आणि मग रोपं लावा.

चर समपातळीतच हवा. त्याला जरा जरी उतार राहिला, तर सगळं पाणी एका टोकाला गोळा होतं, तिथून फुटतं आणि नवी घळ पाडतं. पातळी काढायला महागडं यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधा, मध्ये एक आडवी पट्टी ठोका आणि शेंड्यावरून दोरीनं दगड लोंबता सोडा. चौकट जमिनीवर उभी करा, दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करा. मग दोन्ही पायांच्या जागांची अदलाबदल करा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधली खूण म्हणजे समपातळी. आता दोरी त्या मधल्या खुणेवर येईल असं एकेक पाऊल टाकत उताराला आडवं जायचं आणि प्रत्येक पावलाला जमिनीवर चुन्याची खूण करायची. हे काम मिश्र जोड्यांना द्या, तरुण गटातला एक आणि महिला गटातली एक. तासाभरात हात बसतो, आणि खालच्यांना वरच्यांचे कष्टही कळतात.

गाळाचा दोष वरच्यांवर टाकून काय साधतं, याचं उत्तर चंदीगडच्या सुखना तलावाच्या इतिहासात आहे. 1958 मध्ये ओढा अडवून केलेला हा तलाव झपाट्यानं गाळानं भरत चालला होता. गाळ उपसण्यापेक्षा तो येतो कुठून हे शोधायला पी. आर. मिश्रा आणि त्यांचे मृदसंधारण संस्थेतले सहकारी वर गेले, तेव्हा माग सुखोमाजरी या छोट्या गावाच्या बोडक्या टेकड्यांपर्यंत पोचला. तिथली माणसं गरीब होती, शेळ्या-गुरांवर जगत होती. नुसती बंदी घालून ती थांबली नसती. 1970च्या दशकाच्या मध्यावर गावासाठीच मातीचा लहान बांध घातला गेला. त्याचं पाणी शेताला मिळू लागलं आणि टेकडी राखण्यात लोकांचा स्वतःचा फायदा दिसला, तेव्हा त्यांनी आपणहून गुरं आवरली. तुमच्या बंधाऱ्यातून वरच्या वस्तीला काय मिळतं? पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हा घ्या.

प्रश्न : आमच्याकडे जमीन नाही, दहा-बारा शेळ्यांवर घर चालतं. आता गटांनी टेकडीवर चराईबंदी जाहीर केली. पाणी त्यांच्या विहिरींना, बंदी आम्हाला. आम्ही सहकार्य का करावं?
— एक शेळीपालक

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. चाऱ्याची सोय न करता केलेली चराईबंदी अन्यायाची असते आणि ती टिकतही नाही. रात्री गुरं सुटतात, गवताला काडी लागते, आणि त्याचं खापर ज्यांना कुणी विचारलंच नाही त्यांच्यावर फुटतं.

गटांकडे तीन गोष्टी मागा, आणि पहिला चर खणण्याआधी लेखी मागा. टेकडी एकदम बंद न करता तुकड्यातुकड्यानं बंद व्हावी, म्हणजे एक तुकडा राखला जाईल तेव्हा बाकीचे चरायला खुले राहतील. बंद तुकड्यातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांचा असावा. आणि पाण्यात तुमचा वाटा असावा.

तिसरी मागणी ऐकून काही जण हसतील. त्यांना सांगा की सुखोमाजरीत बांधाच्या पाण्यावर भूमिहीनांसकट प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क मानला गेला होता. आणि 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तिचा नियमच असा होता की पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं वाटायचं. भूमिहीनालाही त्यात हक्क होता. जमीन नसलेला माणूस पाण्याच्या वाट्याचं काय करेल, हे त्याचं त्यानं ठरवावं: कुणाच्या शेतात वाट्यानं पीक घेईल किंवा वैरण करेल. टेकडी राखणाऱ्याला टेकडीखालच्या पाण्यात वाटा नसेल, तर त्या कामाला लोकसहभाग म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : जनजागृतीची जबाबदारी माझ्याकडे आहे. फेऱ्या काढल्या, घोषणा दिल्या, भिंती रंगवल्या. सभेला तीच पंधरा माणसं येतात. आणखी काय करू?
— निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, घोषणा थोड्या दिवस बाजूला ठेवा आणि मोजायला लागा. स्वतः मोजलेल्या आकड्यावर माणूस बोलतो, वाद घालतो, दुसऱ्याला सांगतो.

शाळेत पर्जन्यमापक बसवा आणि रोजचा पाऊस चारचौघांच्या नजरेत येईल अशा फळ्यावर मुलांकडून लिहून घ्या. सोबत एक हिशेब लिहा: एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. आज 20 मिलिमीटर पडला असेल तर आपल्या शेतावर किती पाणी आलं, हे ज्याचं तो काढेल, आणि त्यातलं किती वाहून गेलं हा प्रश्न आपोआप निघेल.

विहिरी मोजा. काही विहिरी निवडून कठड्यावर रंगानं कायमची खूण करा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्याच खुणेवरून पाण्यापर्यंतची खोली घ्या. आदल्या रात्री पंप बंद हवेत, नाहीतर आकडा फसवतो. ही दोरी मोठ्यांच्याच हाती असू द्या. दोनतीन विहिरी मुद्दाम शेजारच्या, जिथे काम झालेलं नाही अशा पाणलोटातल्या घ्या. पाऊस चांगला झाला की सगळ्याच विहिरी भरतात आणि प्रत्येक गट श्रेय घ्यायला उभा राहतो. शेजारची विहीर बरोबर मोजलेली असेल तर कामामुळे काय झालं आणि पावसामुळे काय, ते स्पष्ट दिसतं.

आणखी एक प्रयोग फार बोलका आहे. जोराचा पाऊस झाला की दोन घळींचं पाणी एकसारख्या दोन पारदर्शक बाटल्यांत भरून आणा, एक चर खणलेल्या उताराखालची, दुसरी मोकळ्या उताराखालची. रात्रभर बाटल्या हलवायच्या नाहीत. सकाळी तळाशी बसलेल्या मातीचे दोन थर शेजारी शेजारी ठेवा, जिथे लोक रोज येतात तिथे. काहीही बोलू नका. लोक विचारतील तेव्हा घळ दाखवायला घेऊन जा.

हिवरे बाजारनं पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून कुठली पिकं घ्यायची ते ठरवण्याची पद्धत रुजवली, तीही मोजण्यावरच उभी आहे. तुमच्या त्या पंधरा जणांना नावं ठेवू नका. प्रत्येकाकडे एकेक विहीर द्या.

प्रश्न : खालच्या शहरानं वरच्या लोकांच्या कामाला पैसे का द्यावेत?
— शहरातला एक वाचक

उत्तर : कारण त्यातून शहराचेच पैसे वाचतात. न्यूयॉर्कचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतल्या डोंगरांतून येतं. गाळण प्रकल्पाचा अवाढव्य खर्च टाळण्यासाठी शहरानं 1997 मध्ये वरच्या गावांशी करार केला आणि तिथली सांडपाण्याची सोय सुधारायला, शेतातली घाण ओढ्यात जाऊ नये याच्या उपायांना पैसे दिले. शेतांवरचं काम ऐच्छिक ठेवलं आणि ते चालवायला शेतकऱ्यांचीच परिषद पुढे झाली.

प्रश्न : कामं होतात, उद्घाटनं होतात, पण तीन वर्षांनी बांध फुटलेले दिसतात. दुरुस्ती कुणी करायची?
— महिला गटाच्या सचिव

उत्तर : ज्या दिवशी काम ठरतं, त्याच दिवशी दुरुस्तीचा माणूस आणि पैसा ठरवा. राजस्थानात अरवरी नदीकाठच्या गावांनी 1999 मध्ये आपली नदी-संसद स्थापन केली. बांध बांधून झाल्यावरही गावं एकत्र बसत राहिली, आणि पाणी कसं वापरायचं याचे नियम तिथे ठरत गेले. तुम्हाला एवढा मोठा पसारा नको. पाणलोटाचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाला शेजारच्या दोन घरांची जबाबदारी जोडा. पहिला मोठा पाऊस उघडला की तिन्ही गटांनी दुसऱ्याच दिवशी फेरी मारायची. सांडव्याचा दगड हलला असेल, बांधाला उंदराचं बीळ पडलं असेल, तर ते त्या आठवड्यात दोन घमेली मातीत आणि चार दगडांत निभावतं. पुढच्या पावसापर्यंत थांबलात तर बांध पुन्हा घालावा लागेल. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत फेरीचं नेतृत्व कुणाकडे, हे नाव घालून वहीत लिहा आणि बाकीच्या दोन गटांना कळवा.